सहा पेट्या आणि बारा संत्री

बालमित्रांनो, वही घ्या आणि हे उदाहरण उतरवा: (क्ष + ५)/५. याला सोपं रूप द्या.

कोणत्याही वर्गात हे फळ्यावर लिहा, चार-पाच हात लगेच वर येतात. 'वरचे पाच कटले, खालचे पाच कटले. उत्तर क्ष!' काट मारायला मजा येते, खरं ना? पण जरा थांबा.

समजा, अकोल्याच्या बाजारात कापसाच्या दोन गाड्या आल्या. एकीत क्ष क्विंटल, दुसरीत ५ क्विंटल. पाच व्यापाऱ्यांनी सगळा कापूस सारखा वाटून घेतला. पहिल्या गाडीत २० क्विंटल असेल, तर एकूण २५ आणि वाटणी ५ क्विंटलची. तुमचं उत्तर मात्र म्हणतं, प्रत्येकाला २०! म्हणजे पाच जणांचे झाले १००. वरचा ७५ क्विंटल कापूस आणायचा कुठून?

पालकहो, मला तो 'कटलं' शब्दच आवडत नाही. 'भाग गेला' म्हणावं. मग भाग कशाकशाला गेला, हा प्रश्न आपोआप येतो. बेरजेत दोन पदं असतील, तर भाग दोन्ही पदांना जायला हवा.

आता अमरावतीकडे चला, संत्र्यांच्या मुलखात. वरूडहून ६ पेट्या आल्या, प्रत्येकीत क्ष संत्री. शिवाय १२ सुटी. तीन घरांत वाटायची: (६क्ष + १२)/३. नुसत्या १२ ला भाग देऊन ६क्ष + ४ लिहिलंत, तर सुटी वाटली गेली आणि पेट्या सगळ्या एकाच घरात! बरोबर वाटणी २क्ष + ४. प्रत्येक घरी दोन पेट्या, चार सुटी.

हाच नियम आपल्या महाराष्ट्राशी नातं असलेल्या एका थोर गणितज्ञाने इ.स. ११५० मध्ये लिहून ठेवलाय. ते भास्कराचार्य आणि ग्रंथ 'लीलावती'. अकोल्याहून रेल्वेने भुसावळ, जळगाव करत चाळीसगावला उतरलात, की जवळच पाटण आहे. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, तिथे मठ स्थापला. तसा शिलालेखच तिथे आहे.

'लीलावती'त कुट्टक नावाचं प्रकरण आहे. त्यातली गणितं आपल्या संत्र्यांसारखीच: एका संख्येला न कळलेल्या संख्येने गुणा, त्यात दुसरी मिळवा, तिसरीने भागा, बाकी उरता कामा नये. भास्कराचार्य सांगतात, आधी तिन्ही संख्यांना सामाईक अवयवाने भागून लहान करा. आपल्याकडे ६, १२ आणि ३. तिघांनाही ३ ने भाग जातो. या भागण्याला ते 'अपवर्तन' म्हणतात.

पुढे ते आणखी बजावतात: पहिलीला आणि तिसरीला भाग गेला, पण मिळवायच्या संख्येला गेला नाही, तर ते गणितच चुकीचं घातलेलं आहे! करून पाहा. १२ च्या जागी ५ सुटी संत्री घ्या: (६क्ष + ५)/३. पेटीत ४० असोत की १००, तीन घरांत वाटल्यावर दोन संत्री उरणारच.

आता गंमत. तीच ६ पेट्या आणि १२ संत्री एका शाळेत वाटायची आहेत आणि मुलं आहेत क्ष + २. म्हणजे (६क्ष + १२)/(क्ष + २). अंशाचे अवयव पाडा: ६(क्ष + २). आता क्ष + २ हा अख्खा कंस वरही आहे आणि खालीही. तो गुणाकारात बांधलेला आहे, म्हणून त्याने खुशाल भागा. उरले ६. पेटीत ४० संत्री असतील तर २५२ भागिले ४२. १०० असतील तर ६१२ भागिले १०२. दर वेळी ६! फक्त क्ष + २ शून्य नको, म्हणजे वहीतल्या गणितात क्ष = −२ चालणार नाही. शून्याने कोणी भागायचं नाही.

आता तुमची पाळी. (४क्ष + १०)/६ यातल्या तिन्ही संख्यांना कोणत्या एका संख्येने भाग जातो? भागून झाल्यावर क्ष च्या जागी ५ घाला आणि मूळ उदाहरणातही ५ घालून ताळा करा. आणि हो, क्ष च्या जागी कोणत्या संख्या घातल्या तर बाकी उरत नाही, तेही शोधा. ५ सोडून आणखी आहेत.