पोथीच्या छायाचित्रांचा पत्रानुक्रम
यवतमाळचे कै. यशवंत खुशाल देशपांडे यांनीं १९२५ सालीं ‘महानुभावीय मराठी वाङ्मय’ लिहून ज्या पोथ्यांकडे अभ्यासकांचें लक्ष वेधिलें, तशा पोथ्यांचीं छायाचित्रें आतां संगणकावर ठेवितां येतात. त्यांचा अनुक्रम मात्र सहज बिघडतो. ‘शेल’ नांवें अक्षरक्रमानें लावितो; त्यामुळें १० वें पत्र २ ऱ्याच्या आधीं बसतें.

शेल म्हणजे लेखी आज्ञा ओळीनें पाळणारा संगणकांतील कारकून. नांवांतील अंक ००२, ०१० असे तीन अंकी करण्यास पांचसहा ओळींची आज्ञावली पुरते. परंतु पत्रें त्याच्याकडून मोजवून घेऊं नयेत. ४१ वें पत्र गहाळ असेल, तर मोजणारी आज्ञावली ४२ व्यास ४१ म्हणेल आणि त्रुटित पोथी अखंड दिसूं लागेल! पत्रांक बहुधा पत्राच्या पाठीवरच असतो. तो डोळ्यांनीं वाचून, ‘अ’ ‘ब’ बाजूंसह, यादी करावी. शेलनें ती यादीच वाचावी.

शिवाय नांव बदलणारी ‘एमव्ही’ ही आज्ञा त्याच नांवाचें जुनें छायाचित्र बहुधा न विचारतां पुसते. यास्तव प्रथम तिच्या आधीं ‘एको’ लिहावें, म्हणजे नवीं नांवें केवळ पडद्यावर उमटतात; तीं पोथीशीं ताडून मगच ‘एको’ काढावें.