सुपरहिरोच्या प्रतिकृतीची पारख

खेळण्यांच्या दुकानात काचेच्या कपाटात मांडलेली स्पायडरमॅनची सहा इंची प्रतिकृती आणि दुकानाबाहेर पदपथावर विक्रीस ठेवलेली त्याच उंचीची, त्याच लाल-निळ्या रंगाची प्रतिकृती यांच्या किमतींत कितीतरी पटींचे अंतर असते. दुरून पाहणाऱ्यास हा निव्वळ नावाचा महिमा वाटतो. काही अंशी तो असतोही. परंतु सगळे अंतर नावाचे नसते. आता अशा वस्तूंचा ग्राहक हट्ट करणारे मूलच असेल असे नाही. पुष्कळदा तो कमावता तरुण असतो. पहिल्या पगारातून दोन-तीन हजारांची आणि पुढे छंद जडला की त्याच्या दसपट मोलाची प्रतिकृती तो घरी आणतो. इतके पैसे मोजताना नक्की कशाचे मोल दिले जात आहे, हे कळणे अगत्याचे ठरते.

‘अ‍ॅक्शन फिगर’ हा शब्द विक्रीच्या सोयीसाठी जन्माला आला. १९६४ मध्ये हॅसब्रो या अमेरिकी कंपनीने ‘जी. आय. जो’ हा बारा इंची, हलत्या सांध्यांचा सैनिक बाजारात आणला. मुलगे ‘बाहुली’ घेऊन खेळणार नाहीत अशी धास्ती असल्याने त्यास हे नवे नाव देण्यात आले. १९७२ पासून मेगो कंपनीने सुपरमॅन, बॅटमॅन आदींच्या आठ इंची, कापडी पोशाखातील प्रतिकृती आणल्या. केनर कंपनीच्या १९८४ च्या ‘सुपर पॉवर्स’ मालिकेतील सुपरमॅन पाय दाबताच ठोसा मारीत असे. हे सारे मुलांसाठी होते. २००२ मध्ये टॉय बिझ कंपनीने ‘मार्व्हल लेजंड्स’ ही सहा इंची मालिका सुरू केली. भरपूर सांधे आणि बारकाव्यांचे घडणकाम असलेल्या या मालिकेने प्रौढ संग्राहकांना डोळ्यांसमोर ठेवले. २००७ पासून ती हॅसब्रोकडे आहे. २००० मध्ये हाँगकाँगमध्ये स्थापन झालेल्या हॉट टॉइजने तर चित्रपटातील नटाची हुबेहूब मुखमुद्रा असलेल्या बारा इंची प्रतिकृतींचे वेगळेच दालन उघडले.

पारख करताना प्रथम प्रमाण पाहावे. सहा फुटांचा मनुष्य सहा इंचांत बसविला की प्रमाण एकास बारा होते, बारा इंचांत बसविला की एकास सहा. सहा इंची प्रतिकृतीत शिवलेल्या पोशाखाची अपेक्षा धरणे अन्यायाचे आहे. बारा इंची प्रतिकृतीत पोशाखावरील शिवण जाड दिसली, तर तो मात्र दोष होय.

पाहणाऱ्याची नजर पहिल्यांदा चेहऱ्याकडे जाते. गणेशमूर्तीच्या कारखान्यात डोळ्यांची आखणी सर्वांत अनुभवी हाताकडे सोपविली जाते, त्यामागे हेच कारण आहे: बाकी सारे उत्तम असूनही बुबुळ केसभर सरकले की मूर्ती दुसरीकडेच पाहू लागते. प्रतिकृतींच्या कारखान्यात हे काम बहुधा सिलिकोनच्या मऊ ठशाने केले जाते. ठसा किंचित सरकला की एक डोळा वर आणि एक खाली येतो. अलीकडे अनेक चेहरे संगणकीय छपाईने रंगविले जातात. भिंगातून पाहिल्यास त्वचेवर बारीक ठिपके दिसतात, ते या पद्धतीचे लक्षण आहे, दोष नव्हे. रंगाची उरलेली कामे हातानेच होत असल्याने एकाच खोक्यातील दोन नगसुद्धा सारखे नसतात. दुकानदाराकडून तीन-चार डबे मागून घेऊन चेहरे शेजारीशेजारी ठेवून पाहण्यात संकोच बाळगू नये.

तथापि चेहरा हा जाहिरातीचा भाग आहे. खरी प्रत कळते ती सांध्यांत, आणि येथे थोडे थांबणे इष्ट ठरेल.

स्पायडरमॅन भिंतीवर चढतो, उकिडवा बसतो, हात छातीसमोरून आडवा नेऊन जाळे फेकतो. ज्या प्रतिकृतीला उकिडवे बसता येत नाही, ती कितीही सुबक असली तरी स्पायडरमॅन म्हणून अपुरीच. त्यासाठी गुडघा आणि कोपर यांना दुहेरी सांधा लागतो, खांद्याला पुढे सरकण्याची सोय लागते, घोट्याला डावी-उजवीकडे कलण्याची मुभा लागते. सुपरमॅनचे तसे नाही. त्याला उडताना मान मागे करून वर पाहता आले पाहिजे. ते जमत नसेल तर उडणारा सुपरमॅन सदैव जमिनीकडेच पाहत राहतो. म्हणजे सांध्यांची नुसती संख्या मोजण्यात अर्थ नाही, जरी डब्यावर ती अभिमानाने छापलेली असते. शिवाय प्रत्येक सांधा म्हणजे घडविलेल्या शरीराला दिलेला एक छेद असतो. छाती-पोटाचे स्नायू सुंदर घडवून मधोमध भलामोठा छेद देणारे कारागीर कमी नाहीत. जुन्या प्रतिकृतींत कोपराच्या बाजूस खिळीचे गोल डोके दिसे. अलीकडच्या अनेक प्रतिकृतींत खिळी आत लपविण्याची पद्धत आली आहे, ती स्वागतार्ह आहे.

सांधा सैल असेल तर प्रतिकृती उभी राहत नाही, फार घट्ट असेल तर मोडते. रंग ओला असताना जोडणी झाली की सांधा चिकटतो, आणि पहिल्याच वळणात आतली खुंटी तुटते. अशा सांध्यावर जोर न करता तो भाग कोमट-गरम पाण्यात थोडा वेळ धरावा. प्लॅस्टिक नरम होऊन सांधा सुटतो. सांध्यापाशीच आणखी एक कसोटी आहे. लाल बाही लाल प्लॅस्टिकमध्येच ओतलेली आहे, की निळ्या प्लॅस्टिकवर लाल रंग दिलेला आहे? दुसऱ्या प्रकारात कोपर दहा-वीस वेळा वाकविले की रंग घासला जाऊन आतला निळा उघडा पडतो. स्पायडरमॅनच्या पोशाखावरील जाळ्याच्या रेषाही अशाच पाहाव्यात: कोरलेल्या खाचेत भरलेली काळी रेषा टिकते, वरून छापलेली लवकर पुसट होते.

साच्याचे दोन भाग जेथे मिळतात तेथे ओतीव वस्तूवर बारीक रेघ उमटते. ती मांडीच्या आतील बाजूस असेल तर कारागिराने विचार केला आहे. गालावरून गेली असेल तर केलेला नाही.

नकली मालाची ओळखही साच्यातच सापडते. पायाच्या तळव्यावर किंवा पाठीवर कंपनीचे नाव व वर्ष बारीक अक्षरांत उठविलेले असते. नक्कल करणारे बहुधा तयार प्रतिकृतीवरूनच साचा घेतात. प्लॅस्टिक थंड होताना आकसत असल्याने असा नग मुळाहून किंचित लहान भरतो, आणि अक्षरांच्या कडा बोथट होतात. खऱ्या नगाशेजारी उभा केला की फरक लगेच ध्यानात येतो.

यापुढची परीक्षा काळ घेतो, आणि महागड्या वस्तूंतच ती अधिक कठोर असते. शरीराचे टणक भाग बहुधा ए.बी.एस. प्लॅस्टिकचे, तर चेहरा, केस, केप यांसारखे मऊ भाग पी.व्ही.सी.चे असतात. पी.व्ही.सी. मऊ राहावे म्हणून त्यात मिसळलेले द्रव्य वर्षानुवर्षे पृष्ठभागावर येत राहते. वस्तू चिकट लागते, धूळ धरते. हे द्रव्य शेजारच्या टणक प्लॅस्टिकलाही विरघळवू शकते. मेगोच्या जुन्या प्रतिकृतींत मऊ भाग जेथे टेकून राहिले तेथे प्लॅस्टिक वितळल्यासारखे झालेले आढळते. शरीर जोडून ठेवणारे आतले रबरही कालांतराने सैल पडते.

बारा इंची प्रतिकृतींचा कळीचा प्रश्न कातडी पोशाखाचा. हे कातडे बहुधा कापडावर पॉलियुरेथेनचा थर देऊन केलेले असते, आणि हवेतील आर्द्रतेने हा थर हळूहळू विघटित होतो. कपाटात जपून ठेवलेल्या बुटाचा तळ एके दिवशी भुगा होऊन गळतो, तोच हा प्रकार. मुंबई, कोकण, गोवा येथील पावसाळी हवेत काही वर्षांतच कॉलर आणि कोपरे यांपाशी भेगा पडू लागतात. डबा कधी उघडलाच नाही, म्हणून पोशाख वाचत नाही. किनारपट्टीच्या ग्राहकाने त्यामुळे पूर्ण कातडी पोशाखापेक्षा विणलेल्या कापडाचा किंवा ओतीव चिलखताचा नग पसंत करावा. तो कपाटात थेट उन्हापासून दूर ठेवावा आणि आर्द्रता शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या वेळोवेळी बदलाव्यात.

बाजारातील किंमत मात्र या गुणांवर ठरेलच असे नाही. ती बहुधा दुर्मीळतेवर ठरते. केनरच्या १९७८ च्या ‘स्टार वॉर्स’ मालिकेतील जावा या बुटक्या पात्राला आरंभी पातळ व्हिनाइलचा झगा होता. तो हिणकस दिसतो म्हणून लवकरच त्याऐवजी कापडी झगा देण्यात आला. आज संग्राहक व्हिनाइलचा झगा असलेल्या नगालाच कापडी झग्याच्या नगाहून कितीतरी अधिक किंमत देतात, आणि दुसऱ्या पात्राचा झगा कापून त्याची नक्कलही केली जाते. भारतात १९८७ मध्ये स्थापन झालेल्या फनस्कूलने हॅसब्रोच्या साच्यांवरून काढलेल्या ‘जी. आय. जो’च्या प्रतिकृतींची रंगसंगती मूळ अमेरिकी मालाहून निराळी असे, आणि त्या निराळेपणामुळेच परदेशांतील संग्राहक त्यांच्या शोधात असतात. अमेरिकेत अशा वस्तूंना शंभर गुणांच्या मापावर श्रेणी देणाऱ्या संस्था आहेत. पण त्या श्रेणीत डब्याचे कोपरे, पुठ्ठा आणि पारदर्शक आवरण यांच्या स्थितीला मोठा वाव असतो. ती जतनाची श्रेणी आहे, घडणीची नव्हे. तेव्हा ‘भाव वाढेल’ या आशेने घेणाऱ्याने आपण वस्तू घेत आहोत की दुर्मीळता, हे आधी ठरवावे. बचतीचा पर्याय म्हणून तर हा छंद जोपासू नये.

आयात मालाचा हिशेबही नीट करावा. खेळण्यांवरील सीमाशुल्क २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० टक्के आणि २०२३ मध्ये ७० टक्के करण्यात आले होते. परदेशातून मागविण्यापूर्वी त्या वेळचा दर व मालाचे वर्गीकरण पाहून घ्यावे. १४ वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर १ जानेवारी २०२१ पासून आय.एस.आय. चिन्ह बंधनकारक झाले आहे. ते सुरक्षिततेचे चिन्ह आहे, कारागिरीचे नाही. प्रौढ संग्राहकांसाठीच्या प्रतिकृतींवर अधिक वयाची मर्यादा छापलेली असते आणि त्यांतील टोकदार, सुटे भाग खरोखरच लहान मुलांच्या हाती देण्याजोगे नसतात.

राहता राहिला डबा उघडण्याचा प्रश्न. न उघडलेल्या डब्याला पुनर्विक्रीत अधिक भाव मिळतो, हे खरे. पण न उघडलेल्या डब्यातील सांधा चिकटलेला आहे, खुंटी तुटलेली आहे की एका प्रतिकृतीला दोन्ही डावेच हात बसले आहेत, हे कोणालाही सांगता येत नाही. आणि असे नग कारखान्यांतून खरोखर बाहेर पडतात. बदलून देण्याची मुदत बहुधा थोड्या दिवसांची असते. वापरण्यासाठी घेतलेला नग त्या मुदतीतच उघडावा, उघडतानाचे छायाचित्रण करावे, प्रत्येक सांधा एकदा हळुवार फिरवून पाहावा आणि पावती डब्याच्या तळाशी ठेवून द्यावी.