होकारांचा मोह

२, ४, ६ हे आकडे एका नियमाने मांडले आहेत. स्वतः तीन-तीन आकडे सुचवून तो नियम ओळखावयाचा. पीटर वॅसन या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाचा हा प्रयोग १९६० साली प्रसिद्ध झाला. ‘दोनदोनने वाढणारे आकडे’ अशी अटकळ बांधून पुष्कळांनी ८, १०, १२ यांसारखी अनुकूल उदाहरणेच विचारली. होकार मिळत गेला, खात्री बळावत गेली. नियम मात्र केवळ चढत्या क्रमाचा होता! पहिलेच उत्तर अचूक देणारे २९ पैकी अवघे ६ निघाले. १, ५, ९ विचारले असते, तर त्यालाही होकार मिळून भ्रम फिटला असता. रोगाचे निदान करणाऱ्या वैद्याने आणि आरोपीचा न्याय करणाऱ्या न्यायाधीशाने म्हणूनच प्रथम शोधावे ते आपले मत खोटे पाडणारे उदाहरण.