कनकीची थाळी

गोंदियाच्या गिरणीत 100 किलो धान टाकलं, तर सरकारी भरडाईच्या हिशेबाने 67 किलो तांदूळ निघायला हवा. या 67 किलोंमध्ये तुटलेला दाणा पंचवीस टक्क्यांपर्यंत चालतो, असा वर्षानुवर्षांचा नियम. दाणा उगाच तुटत नाही. कापणीला उशीर झाला, शेतातच धान जास्त वाळलं, वरून दव पडलं आणि पुन्हा ऊन लागलं, की दाण्याला आतून बारीक तडा जातो. बाहेरून तो अख्खाच दिसतो. गिरणीत कोंढा घासून काढताना त्याचे दोन-तीन तुकडे होतात आणि चाळणीखाली कनकी जमते. ती कोंबड्यांच्या खाद्याला जाते, दारूच्या कारखान्यात जाते, अलीकडे इथेनॉललाही जाते. घरी राहिली तर तिची पेज होते. सालेकसा तालुक्यात कितीतरी घरांत अख्खा तांदूळ विकायचा, पाहुण्यांसाठी थोडा बाजूला ठेवायचा आणि रोजच्या जेवणाला कनकी शिजवायची, असाच रिवाज होता. शहरातून कोणी आलं की आई कनकीचं भांडं मागे सरकवायची.

हीच कनकी कॅलिफोर्नियातल्या सॅन होजे शहरात ताटाच्या मधोमध वाढतात. त्या जेवणाचं नाव ‘कॉम ताम’, म्हणजे तुटलेल्या तांदळाचा भात. त्यावर निखाऱ्यावर भाजलेल्या मांसाचा पातळ तुकडा, तळलेलं अंडं, कांद्याची पात गरम तेलात परतून घातलेली, बाजूला गाजर-मुळ्याचं आंबटगोड लोणचं, काकडी, एका वाटीत मासळीचं पातळ आंबट-तिखट पाणी आणि एका वाटीत साधं सूप. व्हिएतनामी खाणावळींत ही थाळी मिळते आणि ती मागवणाऱ्याला ताठ मानेने मागवता येते. मुळात हे मेकाँग नदीच्या खोऱ्यातल्या शेतकऱ्यांचं जेवण. चांगला तांदूळ बाजाराला गेला, गिरणीत राहिलेलं घरी शिजलं. पुढे खेड्यातली माणसं कामासाठी सायगावला गेली आणि हा भातही त्यांच्याबरोबर शहरात आला. तिथे त्यावर मांस आलं, अंडं आलं, आणि काड्यांऐवजी चमचा-काट्याने तो खाल्ला जाऊ लागला. आज सायगावचं नाव घेतलं की हाच भात आठवतो.

मी गोंदियाकडच्या झाडीपट्टीतला, भातावर वाढलेला. नोकरीमुळे काही वर्षं सॅन होजेच्या भागात राहिलो तेव्हा आधी सगळ्यांसारखाच इंडियन रेस्तराँ शोधत फिरलो. तिथे मिळायचं बटर चिकन, नान आणि मोकळा बासमती. चव वाईट नव्हती, पण त्यातलं काहीच आमच्या घरचं नव्हतं. पंजाबच्या ताटात मला माझं गाव सापडणार तरी कसं? शिवाय तिथे एका भाजीला जे पैसे जायचे, तेवढ्यात व्हिएतनामी खाणावळीत पूर्ण थाळी पोटात जायची. कॉम तामचा पहिला घास घेतला तेव्हा जिभेला आधी मसाला कळलाच नाही, दाण्याचा आकार कळला. लहान, थोडा चिकट, रस पटकन शोषून घेणारा. आमच्याकडे जो दाणा पाहुण्यापासून लपवतात, तोच इथे पाहुण्याला वाढत होते. त्या दिवसापासून या खाणावळींबद्दल मला जिव्हाळा वाटत आला आहे. त्या इतक्या चांगल्या आणि इतक्या स्वस्त कशा, हे समजून घेण्यात मी पुष्कळ वेळ घालवला.

उत्तराची सुरुवात 30 एप्रिल 1975 या तारखेपासून होते. त्या दिवशी व्हिएतनाम युद्धाच्या अखेरीस सायगाव पडलं. त्या वर्षी सव्वा लाखाहून अधिक व्हिएतनामी माणसं अमेरिकेत आली. आधी त्यांना लष्करी तळांवरच्या छावण्यांत ठेवलं; त्यातला एक तळ कॅलिफोर्नियातलाच, कॅम्प पेंडलटन. नंतर सरकारने त्यांना मुद्दाम वेगवेगळ्या राज्यांत विखरून टाकलं, एका जागी गर्दी नको म्हणून. पण बर्फाच्या गावी एकटं पडलेलं कुटुंब आपल्या माणसांचा पत्ता शोधत पुन्हा उबदार प्रदेशाकडे सरकतंच. दक्षिण कॅलिफोर्नियात वेस्टमिन्स्टर आणि गार्डन ग्रोव्ह, उत्तरेला सॅन होजे इथे ती कुटुंबं एकत्र आली. त्यामागून होड्यांतून निघालेल्यांची लाट आली. 1975 ते 1995 या काळात सुमारे आठ लाख माणसं समुद्रमार्गे दुसऱ्या देशांच्या किनाऱ्याला जिवंत लागली, असं संयुक्त राष्ट्रांची निर्वासित संस्था सांगते. कितीतरी जणांचा प्रवास समुद्रातच संपला.

सॅन होजेच्या खोऱ्यात तेव्हा इलेक्ट्रॉनिक्सचे कारखाने वाढत होते आणि जुळणीच्या कामाला हात हवे होते. इंग्रजी येत नसलं तरी सोल्डरिंग करता येत होतं. आज आपण ज्याला सिलिकॉन व्हॅली म्हणतो, तिथल्या कितीतरी सर्किटांवर व्हिएतनामी बायकांची बोटं फिरलेली आहेत. पाळीवर काम करणाऱ्या या माणसांना आपल्या चवीचं, पोटभर आणि खिशाला परवडणारं जेवण हवं होतं. खाणावळी त्यांच्यासाठी निघाल्या. हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. गोऱ्या गिऱ्हाइकाला काहीतरी नवलाचं खाऊ घालण्यासाठी त्या सुरू झाल्या नाहीत. समोर बसणाऱ्याला भाताचा भाव आणि हाडांचा भाव दोन्ही ठाऊक होते. त्याला फसवणं शक्य नव्हतं. चव आणि किंमत दोन्ही त्याच्याच धाकाने सरळ राहिल्या.

निर्वासितांची वसाहत म्हणजे काय, हे गोंदिया जिल्ह्याला नवं नाही. अर्जुनी मोरगाव तालुक्यात तिबेटी लोकांची वसाहत आहे, त्याच तालुक्यात बंगालमधून आलेल्यांचीही गावं आहेत. नव्या मुलखात माणूस आधी जमीन किंवा धंदा शोधतो. व्हिएतनामी कुटुंबांकडे जमीन नव्हती, भांडवल नव्हतं; घरात स्वयंपाक येणारी माणसं मात्र भरपूर होती. ली कुटुंबाने सॅन होजेत आधी गाडीवर खाणं विकलं आणि 1983 मध्ये बान मीचं, म्हणजे व्हिएतनामी पद्धतीच्या पावाच्या सँडविचचं, दुकान टाकलं. ‘लीज सँडविचेस’ची आज मोठी साखळी आहे. गार्डन ग्रोव्हमध्ये 1982 साली निघालेल्या ‘फो 79’ या खाणावळीला 2019 मध्ये जेम्स बिअर्ड संस्थेचा ‘अमेरिकाज क्लासिक्स’ हा सन्मान मिळाला. आणि ती टेबलावरची लाल, हिरव्या झाकणाची, कोंबड्याचं चित्र असलेली मिरचीची बाटली! ती बनवणारे डेव्हिड ट्रॅन 1978 च्या अखेरीस ‘हुए फाँग’ नावाच्या मालवाहू जहाजातून व्हिएतनाममधून निघाले. 1980 मध्ये लॉस एंजेलिसला त्यांनी स्वतःची कंपनी काढली आणि तिला त्या जहाजाचंच नाव दिलं.

आता स्वस्ताईचं गणित. या खाणावळी बहुधा लांबच लांब बैठ्या दुकानांच्या रांगेत असतात. पुढे गाड्या लावायला जागा, शेजारी न्हावी, लाँड्री, दातांचा डॉक्टर. सजावटीवर खर्च नाही. यादी प्लॅस्टिकमध्ये मढवलेली आणि प्रत्येक पदार्थाला आकडा, त्यामुळे वाढणाऱ्याला इंग्रजी आणि खाणाऱ्याला व्हिएतनामी येण्याची गरज नाही. चहा बसल्याबरोबर येतो, त्याचे पैसे नसतात. बिल काउंटरवर द्यायचं. पदार्थ पन्नास दिसले तरी आत स्वयंपाकघरात मूळ गोष्टी चार-पाचच असतात: एक रस्सा, एक भात, दोन-तीन तऱ्हेच्या शेवया, भाजलेलं मांस, कच्चा पाला. त्यांचीच जुळवणी बदलत जाते. म्हणून काही वाया जात नाही आणि ताट पाच-दहा मिनिटांत समोर येतं.

यातला रस्सा म्हणजे फोचा; फो म्हणजे हाडांच्या रश्शातल्या तांदळाच्या शेवया. हाडं रात्रभर मंद आचेवर ठेवायची, वर येणारा मळ पुन्हा पुन्हा काढायचा, रस्सा काचेसारखा स्वच्छ राहिला पाहिजे. कांदा आणि आलं सालासकट जाळावर काळं होईपर्यंत भाजायचं. मसाल्यात चक्रफूल, दालचिनी, लवंग, मोठी वेलची. नागपूरचा सावजी रस्सा खाल्लेल्या माणसाला ही यादी वाचताच घरचा डबा आठवेल; फरक एवढाच की सावजी मसाला वाटून रश्शात जिरवतात, आणि फोमध्ये पुरचुंडीत बांधून त्याचा फक्त वास घेतात. फोचा जन्म उत्तर व्हिएतनाममधला, विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा. फ्रेंच राज्यकर्ते बैलाचं मांस खायचे आणि हाडं मागे राहायची. गरिबांनी त्या हाडांचा रस्सा केला आणि त्यात तांदळाच्या शेवया घातल्या. 1954 मध्ये देशाचे दोन भाग झाले, लाखो लोक दक्षिणेला गेले, फोही गेला. तिथे त्याला मोड आलेले मूग, तुळस, लिंबू आणि मिरचीची साथ मिळाली. पुढे जगभर जो गेला तो मुख्यतः हा दक्षिणेतला फो.

म्हणजे दोन्ही मुख्य पदार्थ दुसऱ्याने टाकून दिलेल्या वस्तूंपासून झाले आहेत. हाडं आणि कनकी. पण त्यावर घातलेली मेहनत जराही कमी प्रतीची नाही. स्वस्त जेवण म्हणजे हलकं जेवण, ही आपल्याकडची समजूत मला या खाणावळींनी सोडायला लावली. रश्शासाठी कोणीतरी पहाटेच्या आधी उठलेलं असतं. बहुतेक ठिकाणी ते घरातलंच माणूस असतं आणि त्याच्या मजुरीचा आकडा बिलात कुठेच लिहिलेला नसतो. आपल्याला जे स्वस्त पडतं, त्याची अर्धी किंमत त्या कुटुंबाने रात्री जागून भरलेली असते. तिथे भावात घासाघीस करणाऱ्या, किंवा फुकट आलेल्या पाल्याची दुसरी थाळी मागून टाकून देणाऱ्या आपल्या लोकांचा मला मनापासून राग येतो.

सॅन होजेत आज एक लाखाहून जास्त व्हिएतनामी वंशाची माणसं राहतात. व्हिएतनामच्या बाहेर एकाच शहरात एवढी वस्ती दुसरीकडे नाही, असं मानतात. त्याच शहरात 2024 साली उत्तर अमेरिकेतल्या मराठी माणसांच्या बृहन्महाराष्ट्र मंडळाचं अधिवेशन भरलं. मराठी कुटुंबं त्या खोऱ्यात आता भरपूर आहेत आणि त्यातली पुष्कळशी शाकाहारी आहेत. त्यांच्यासाठी ‘चाय’ हा शब्द कामाचा आहे. चहाशी त्याचा संबंध नाही. व्हिएतनामी बौद्ध लोक चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या तिथीला मांस वर्ज्य करतात, त्या जेवणाला चाय म्हणतात. केवळ चाय वाढणाऱ्या खाणावळीही असतात आणि शाकाहारी माणसाने तिथेच जावं. साध्या खाणावळीत ‘व्हेजिटेबल फो’ लिहिलेलं असलं तरी रस्सा हाडांचा असू शकतो, आणि चटणीच्या वाटीत मासळी असतेच. फो मुळात गोमांसाचा. ते नको असेल तर ‘फो गा’ मागावा, तो कोंबडीचा. कॉम ताममध्येही डुकराऐवजी कोंबडी मिळते.

मासळीच्या त्या पाण्याबद्दल थोडं. ‘नुक माम’ म्हणजे छोटे समुद्री मासे आणि मीठ लाकडी पिंपांत वर्षभर मुरवून गाळलेला अर्क. फू क्वोक बेटावरचा नावाजलेला. बाटली उघडली की वास नाकात जातो. आमच्याकडे सुकट भाजली की गल्लीला कळतं, त्यामुळे मला तो परका वाटला नाही. त्यात लिंबू, साखर, लसूण, मिरची आणि पाणी घातलं की तो वास मागे जातो आणि भाताला चव येते.

कनकीचा एक प्रवास आपल्याकडूनही झाला आहे. जगातल्या मोठ्या तांदूळ-निर्यातदारांत असलेल्या व्हिएतनामने 2021 च्या सुरुवातीला कित्येक दशकांनंतर पहिल्यांदा भारताकडून तांदूळ घेतला. 70 हजार टन, आणि तो सगळा तुटलेला. सप्टेंबर 2022 मध्ये भारताने कनकीची निर्यात बंद केली आणि मार्च 2025 मध्ये पुन्हा उघडली. गिरणीच्या चाळणीखालच्या दाण्याचा भाव आता जगाच्या बाजारात ठरतो. गोंदियात मात्र अजून कनकीचं हॉटेल निघालेलं नाही. निघावं, असं मला फार वाटतं. धान इथलं, गिरण्या इथल्या, तलावांतली मासळी ढिवरांच्या जाळ्यातली. कचारगडच्या यात्रेला आणि हाजरा फॉलला येणाऱ्यांना पनीर आणि तंदुरी रोटी वाढण्यापेक्षा वाफाळता कनकीचा भात आणि मासळीचा रस्सा वाढायला काय हरकत आहे?

सॅन होजेतल्या जुन्या खाणावळी आता एका वळणावर आहेत. ज्यांनी त्या काढल्या ते म्हातारे झाले. त्यांची मुलं शिकली, इंजिनिअर आणि फार्मासिस्ट झाली, आणि आईबापांना हेच हवं होतं. काही ठिकाणी दुकान विकलं जातं, पाटी तीच राहते आणि रस्सा पातळ होतो. काही ठिकाणी मुलगी नोकरी सोडून गल्ल्यावर बसते. भावही पूर्वीचे राहिलेले नाहीत, तरी त्या महागड्या शहरात पोटभर जेवणासाठी मी अजून यांच्याच दाराकडे बोट दाखवीन.

तेव्हा झाडीपट्टीतलं कोणी पोर शिकायला किंवा कामाला तिकडे निघालं असेल, तर त्याने रविवारी सकाळी अकराच्या आत सॅन होजेतल्या स्टोरी रोडच्या बाजूला जावं. ज्या खाणावळीत आजी-आजोबा नातवंडांना घेऊन बसलेले दिसतील तिथे शिरावं. यादी छोटी असेल तर उत्तम. पहिल्यांदा कॉम ताम मागवावा, वर अंडं घ्यावं, नुक माम सगळीकडे नीट ओतावं आणि लोणचं शेवटपर्यंत पुरवून खावं. चहा दुसऱ्यांदा मागितला तरी मिळतो. जेवण झालं की काउंटरवर पैसे द्यावेत, टीप ठेवावी आणि टेबल लगेच मोकळं करावं. दाराबाहेर माणसं थांबलेली असतात.