धोतर : रानातले आणि मांडवातले

वडवणी : बीड-परळी रस्त्यावरील या तालुक्याच्या गावी बाजाराला येणाऱ्या वृद्ध शेतकऱ्यांच्या अंगावर धोतर अजून दिसते. त्यांच्या नातवांच्या अंगावर ते दिसते केवळ लग्नात, आणि तेही बहुधा शिवलेले. मधल्या पिढीने पायजमा व पँट स्वीकारली, तेव्हा वस्त्राबरोबर नेसण्याची रीतही सुटली. नवरदेवाला धोतर नेसवण्यासाठी ऐनवेळी एखाद्या आजोबांना मांडवात शोधावे लागते, ते यामुळेच.

वास्तविक ही रीत अवघड नाही. धोतराचे एक पान साधारणतः पाच वारांचे, म्हणजे सुमारे साडेचार मीटरचे असते. कापड कमरेमागून पुढे घेऊन मध्यभागी घट्ट गाठ मारायची. एका टोकाच्या निऱ्या करून त्या पायांमधून मागे नेऊन खोचल्या की कासोटा झाला. दुसऱ्या टोकाच्या निऱ्या पोटाशी खोचल्या की पुढे सोगा उतरतो. सारा भार त्या पहिल्या गाठीवर असतो. ती सैल राहिली तर पुढचे सगळे कौशल्य व्यर्थ होय.

नित्याचे आणि समारंभाचे धोतर वेगळे ठरते ते सूत, लांबी आणि सोग्यावरून. रानात जाडसर सुती कापड बरे. ते घाम टिपते आणि दगडावर आपटून धुतले तरी टिकते. तेथे धोतर पोटरीपर्यंतच असते. नांगर धरताना किंवा पाण्यात उतरताना सोगा वर खोचला की पाय मोकळे होतात. वर साधा सदरा आणि टोपी पुरते. समारंभात हेच वस्त्र घोट्यापर्यंत उतरते. बारीक सुताचे, खळ दिलेले, काठाला जर असलेले पान निवडतात आणि सोग्याच्या चुण्या इस्त्रीने बसवतात. त्यावर नेहरू शर्ट व जाकीट किंवा बंद गळ्याचा कोट, खांद्यावर उपरणे, डोक्याला फेटा आणि पायात कोल्हापुरी वहाण. पूजेसाठी रेशमी कद किंवा पितांबर वेगळे. झगमगीत जरीच्या धोतरावर चमकदार कुडता आणि वर भरजरी उपरणे, ही सध्याची हौस मात्र अतिरेकच म्हणावी लागेल. काठ उठून दिसायचा तर बाकी पोशाख शांत हवा.

नाडी किंवा इलॅस्टिक लावलेल्या तयार धोतरावर जाणकार नाक मुरडतात. परंतु स्कॉटलंडचा किल्टदेखील मूळचा पट्ट्याने बांधलेला लांबच लांब न शिवलेला कपडा होता. शिवलेला आखूड किल्ट १८ व्या शतकातला. १७४६ च्या कायद्याने हायलँडमधील पुरुषांना तो घालण्यास बंदी झाली आणि १७८२ मध्ये ती उठली. पुढे १८२२ मध्ये राजा चौथा जॉर्ज एडिंबरोला तोच पोशाख करून आला आणि डोंगराळ मुलखातल्या वस्त्राला दरबारी प्रतिष्ठा लाभली.

आपल्याकडे ही प्रतिष्ठा अजून डळमळीत आहे. १८८८ मध्ये पुण्यात ड्यूक ऑफ कॅनॉट यांच्या सन्मानार्थ झालेल्या समारंभास महात्मा जोतीराव फुले मुद्दाम शेतकऱ्याच्या वेषात गेले आणि रयतेची स्थिती त्यांनी पाहुण्यांपुढे मांडली. १० डिसेंबर २०१९ रोजी स्टॉकहोममध्ये अभिजित बॅनर्जी यांनी धोतर नेसून नोबेल पारितोषिक स्वीकारले. याउलट २०१४ मध्ये वेष्टी नेसलेल्या उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांना चेन्नईतील एका क्लबने प्रवेश नाकारला. त्यावर तमिळनाडूला त्याच वर्षी कायदा करावा लागला. जुलै २०२४ मध्ये बंगळुरूतील एका मॉलने धोतर नेसलेल्या वृद्ध शेतकऱ्यास दारातच अडवले. शासनाने तो मॉल सात दिवस बंद ठेवण्यास भाग पाडले.

वडवणीसारख्या गावांतून पुण्या-मुंबईला मुलाकडे निघालेल्या म्हाताऱ्यास ‘तिकडे पायजमा घाला’ असे घरचेच सुचवतात. त्याच घरात नातवाच्या लग्नासाठी भाड्याने जरीचे धोतर आणले जाते. ज्यांना ते स्वतः नेसायचे आहे त्यांनी कोरे, खळीचे पान टाळावे आणि एकदोनदा धुतलेल्या सुती पानावर लग्नाच्या आठ-दहा दिवस आधी सराव सुरू करावा. शिकवणारे अजून घरात आहेत.