मॅग्नेटारचे उद्रेक

अतितीव्र चुंबकीय क्षेत्र असलेल्या न्यूट्रॉन ताऱ्यास मॅग्नेटार म्हणतात. त्याच्या क्ष-किरण तेजस्वितेत एकाएकी होणाऱ्या व नंतर हळूहळू ओसरणाऱ्या वाढीस उद्रेक ही संज्ञा आहे. नेहमीच्या पल्सारचे चुंबकीय क्षेत्र सु. १ लक्ष कोटी गॉस असते. मॅग्नेटारचे बहुधा त्याच्या शंभर ते हजार पट असते. क्षणार्धात संपणारे स्फोट व काही मिनिटे टिकणारे महास्फोट यांहून उद्रेक वेगळा असून तो कित्येक महिने किंवा वर्षे चालतो. क्ष-किरण पृथ्वीच्या वातावरणात शोषले जात असल्याने त्याचे वेध अवकाशातूनच घ्यावे लागतात.

मोठ्या मॅगेलनी मेघातील एका उद्गमाकडून ५ मार्च १९७९ रोजी आलेल्या गॅमा किरणांच्या महास्फोटात ८ सेकंदांचे स्पंदन आढळले. रॉबर्ट डंकन व क्रिस्टोफर टॉम्पसन यांनी १९९२ मध्ये मॅग्नेटारची कल्पना मांडली. १९९८ मध्ये क्रिसा कूव्हेल्योटू व त्यांच्या सहकाऱ्यांनी एसजीआर १८०६-२० या उद्गमाच्या सु. ७.५ सेकंदांच्या आवर्तकालातील वाढ मोजून या कल्पनेस आधार दिला. परिवलन मंदावल्याने मिळणारी ऊर्जा अशा ताऱ्यांच्या क्ष-किरणांस पुरत नाही. ती चुंबकीय क्षेत्राच्या ऱ्हासातून मिळत असली पाहिजे.

एक्सटीई जे १८१०-१९७ हा तारा २००३ मध्ये उद्रेकामुळेच उजेडात आला. त्याचा आवर्तकाल ५.५४ सेकंद आहे. रोसॅट उपग्रहाच्या जुन्या वेधांत तो सु. शंभर पट मंद दिसला होता. पुढील काही वर्षांत त्याची तेजस्विता ओसरत गेली, तसे पृष्ठभागावरील तप्त क्षेत्रही आकुंचन पावले. अंतर्गत चुंबकीय ताणामुळे कवच भंगते वा सरकते, बाहेरील क्षेत्ररेषांना पीळ पडतो व त्यांतून वाहणारे विद्युत् प्रवाह पृष्ठभागाचा काही भाग तापवितात. पीळ सुटू लागला की तप्त भाग लहान होतो, असे याचे स्पष्टीकरण देतात. डिसेंबर २०१८ मध्ये हा तारा पुन्हा जागृत झाला. तेव्हा पुणे जिल्ह्यातील खोडद येथील महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बिणीनेही त्याचे रेडिओ स्पंद टिपले.

सु. ३० मॅग्नेटार ज्ञात आहेत. तथापि शांत अवस्थेत त्यांतील अनेक इतके मंद असतात की, उद्रेक झाल्याविना ते ओळखता येत नाहीत. २००९ मध्ये सापडलेल्या एसजीआर ०४१८+५७२९ याचे बाह्य द्विध्रुवी क्षेत्र तर सामान्य पल्सारइतकेच असल्याचे दिसून आले. यामुळे नेहमीचे पल्सार व मॅग्नेटार यांमधील सीमारेषा पूर्वी वाटत होती तितकी स्पष्ट राहिलेली नाही.