गावापेक्षा मोठं मैदान (११) : तालमीची शिडी

फुटबॉलपटू द्रोग्बाला गेल्या खेपेला आपण २००२ च्या जानेवारीत ल माँहून फ्रान्समधल्या गँगाँ गावच्या क्लबात आणून सोडलं. त्याच्या सतरा गोलांचं आज सांगणार होतो. ते आज होत नाही. आठवडाभर त्यानं ब्रिटनीच्या पावसात उभं राहावं.

कारण कोल्हापूरहून आलेलं एक पत्र. सहीच्या जागी नुसतं ‘एक पेठकर’. मजकूर असा: सात हजार वस्तीच्या गावाचं कौतुक तुम्ही दहा आठवडे लावलंय. आमच्या मंगळवार पेठेत त्याहून जास्त माणसं राहत असतील, आणि मॅच असली की अर्धी पेठ शाहू स्टेडियमवर असते. मग आमच्या तालमींचं गँगाँ का झालं नाही? तिकडं क्युपर्टिनोत बसून सांगा.

मी राहतो कॅलिफोर्नियात, त्यामुळे शेवटचं वाक्य लागलं, म्हणूनच उत्तर देतो.

गँगाँच्या क्लबचा जन्म १९१२ चा. त्याच साली कोल्हापुरात शाहू महाराजांचं खासबाग मैदान बांधून पुरं झालं. ते कुस्तीचं, फुटबॉलचं नव्हे, पण पेठकरांच्या प्रश्नाचं मूळ तिथंच आहे. युरोपात फुटबॉल क्लब शाळेतून, चर्चमधून, कारखान्यातून निघाले. आमच्याकडे ते तालमीतून निघाले, म्हणून नावंही तशीच: पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, खंडोबा तालीम, बालगोपाल तालीम. त्यांच्यात ‘प्रॅक्टिस क्लब’ हे नाव मला कायम शर्ट-पँट घालून लग्नाला आलेल्या पाहुण्यासारखं वाटत आलंय.

लहानपणी ज्या तालमीत जायचो तिथं आत लाल मातीचा हौदा, कडेला मुद्गल आणि करेला, भिंतीवर मारुती. दाराशेजारच्या खुंट्यांवर एकीकडे वाळत घातलेले लंगोट आणि त्यांच्याच शेजारी नाड्यांना गाठ मारून टांगलेले फुटबॉलचे बूट. बुटांच्या तळाची वाळलेली माती खाली हौद्यात पडायची. वस्ताद रोज शिव्या द्यायचे, पण बूट दुसरीकडे टांगायला कधी सांगितलं नाही. संध्याकाळी मॅच असली की तेच पुढे, आम्ही मागे. स्टेडियमच्या पायऱ्या उन्हानं इतक्या तापलेल्या असायच्या की चपला काढून त्यांच्यावर बसायचं, आणि खारे शेंगदाणे संपेपर्यंत ‘घालव की रं!’ म्हणून घसा फोडायचा.

तेव्हा पेठकर, गर्दी होती, वेड होतं, पोरं होती. कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन १९४० पासून आहे, म्हणजे घर सांभाळणारं माणूसही होतं. नव्हती ती शिडी.

गँगाँनं सगळ्यात आधी शिडी धरली. नोएल ल ग्राए १९७२ मध्ये अध्यक्ष झाला तेव्हा क्लब प्रादेशिक लीगमध्ये खेळत होता, म्हणजे आपल्या भाषेत तालुक्याच्या पातळीवर. १९७७ मध्ये तो दुसऱ्या श्रेणीत पोचला आणि १९९५ मध्ये पहिल्या. वर चढताना कुणी बोली लावली नाही की प्रवेश फी मागितली नाही. मॅच जिंकल्या, वर गेले. हरले तेव्हा खालीही आले. २००९ मध्ये फ्रेंच कप जिंकला आणि २०१० मध्ये तिसऱ्या श्रेणीत घसरले. कप कपाटात ठेवून गावोगावच्या छोट्या मैदानांवर खेळत फिरले आणि २०१३ पर्यंत पुन्हा पहिल्या श्रेणीत आले. त्या काळातही क्लब गाव सोडून कुठे गेला नाही.

कोल्हापुरात काय होतं? वरिष्ठ गटात सोळा संघ, त्यांच्या खाली आणखी गट. पाटाकडीलनं लीग जिंकली तर गुलाल, मिरवणूक. पुढच्या वर्षी? पुन्हा तेच पंधरा संघ. वर कुणी नाहीच. गावातल्या गावात सर्वांत मोठं व्हायचं आणि तिथंच थांबायचं.

अनिकेत जाधव कोल्हापूरचा. २०१७ च्या सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात भारताच्या संघात होता. तो वर कसा गेला? पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीतून. पोरगं वर जातं, तालीम होती तिथंच राहते. गँगाँतही पोरं जायची. द्रोग्बा मार्सेलला गेला, कोसिएल्नीही तिथूनच पुढे निघाला. पण ती जाताना क्लब पहिल्या किंवा दुसऱ्या श्रेणीत असायचा. पोराची किंमत त्या श्रेणीवरून ठरायची आणि ते पैसे गावात राहायचे.

चढायला वर जागा नसली की ताकद आडवी जाते. हे माझं मत, पेठकरांना पटणार नाही. जो पैसा वर चढायला लागायचा तो शेजारच्या पेठेला हरवायला लागतो. मधे तालमींनी नायजेरिया, घानाकडचे खेळाडू आणले, तेही एवढ्यासाठीच. आणि मैदानावरची भांडणंही त्यातलीच. एका मॅचनंतर परत येताना एक दगड माझ्या सायकलच्या मागच्या चाकात शिरला आणि चार आऱ्या तुटल्या. कुठल्या तालमीच्या पोरांनी मारला ते मला पक्कं माहीत आहे. नाव सांगत नाही, त्यातल्या एकाशी माझ्या मावसबहिणीचं लग्न झालंय.

‘शिडी पुण्या-मुंबईला होती की’ असं कुणी म्हणेल. मुंबईच्या महिंद्रा युनायटेडनं २००६ मध्ये राष्ट्रीय लीग जिंकली आणि २०१० मध्ये कंपनीनं संघच बंद केला. २०१४ ला इंडियन सुपर लीग (आयएसएल) आली ती फ्रँचायझी विकत घेणाऱ्यांची. मैदानावर जिंकून तिच्यात चढलेला पहिला क्लब पंजाब एफसी, तोही २०२३ मध्ये. म्हणजे वरची पायरी आत्ता कुठे लागलीय. पण कोल्हापूरच्या तालमीपासून त्या पायरीपर्यंतच्या मधल्या पायऱ्या कुठे आहेत ते मला इथून दिसत नाही.

आता ‘तिकडं’चं. क्युपर्टिनोची वस्ती साठ हजार, म्हणजे आठ गँगाँ. शनिवारी सकाळी क्रीकसाइड पार्कवर मुलांच्या मॅच असतात, कडेला घडीच्या खुर्च्या आणि कापलेली संत्री. क्लबमध्ये खेळायचं तर वर्षाला काही हजार डॉलर मोजावे लागतात. शेजारच्या सॅन होजेत दहा लाख माणसं, आणि तिथल्या अर्थक्वेक्स या फुटबॉल क्लबचं स्टेडियम अठरा हजारांचं. गँगाँचं रूदूरू स्टेडियमही जवळपास तेवढंच. मला हे दहा वर्षांपूर्वी पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा मी आकडे पुन्हा तपासले होते.

पण इथली शिडी तर कोल्हापूरहून आखूड: वर पोचलेला संघही गावात टिकेलच असं नाही. २००५ मध्ये अर्थक्वेक्स अमेरिकेच्या लीगच्या नेहमीच्या मोसमात पहिले आले. नव्या स्टेडियमचं जमेना, म्हणून त्याच वर्षाअखेर सगळा संघ ह्यूस्टनला हलवला आणि तिथं पुढच्याच वर्षी त्यांनी विजेतेपद मिळवलं. सॅन होजेला नवा संघ मिळाला २००८ मध्ये. अव्वल आलेला संघ गाव सोडून जातो, हे गँगाँतल्या एखाद्या कसायाला सांगितलं तर त्याला आधी वाक्यच कळणार नाही. मंगळवार पेठेतल्या माणसालाही नाही. पाटाकडील तालीम साताऱ्याला हलवली, हे कसं ऐकू येतं बघा.

तेव्हा पेठकर, तुमच्याकडे गँगाँहून जास्त माणसं आहेत आणि सॅन होजेहून जास्त मुळं आहेत. कमी आहे ती महासंघाच्या कागदावरची चार ओळींची नियमावली. ती पेठेत लिहिता येत नाही.

जाता जाता, गेल्या भागातली एक चूक. फ्रेंच कपच्या २००९ च्या अंतिम सामन्याचा स्कोअर मी २-० लिहिला. तो २-१ होता. २-० हा २०१४ चा. दोन्ही वेळा समोर रेन हाच क्लब, म्हणून घोटाळा झाला. २००९ ला आधी रेनचाच गोल झाला होता, डोक्यानं, कार्लोस बोकानेग्राचा. तो कॅलिफोर्नियाचाच. इथल्या एका मित्रानं हे सांगायला रात्री साडेअकराला फोन केला. गँगाँच्या एदुआर्दोचे दोन गोल त्यानंतरचे.